उजवा कौल

मुलुंडच्या त्या चाळीत कुणाला बाहेर जायचं झालं की घराची किल्ली जानकी परबकडे ठेवायची, अशी रीतच पडून गेली होती. तिच्या दारामागच्या खिळ्यांवर अख्ख्या मजल्याच्या किल्ल्या लटकत. बायका कौतुकानं म्हणायच्या, "जानकीताई आहेत म्हणून आपण निर्धास्त." कौतुक ऐकायला बरं वाटतं. पण नीट बघितलं तर त्याचा अर्थ काय निघतो? ही बाई कारखान्यातून थेट घरी येते, रविवारी कुठं जात नाही, हिच्याकडे कुणी येत नाही, तेव्हा ही सापडणार म्हणजे सापडणारच. जानकीला हा अर्थ कळत नव्हता असं नाही. चाळिशी उलटलेली बाई, दहावी पास, औषधी गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगवर सुपरवायझर. खुळी थोडीच होती! पण किल्ली द्यायला-न्यायला का होईना, दिवसातून चार माणसं दार वाजवतात, तेवढंच बरं, असं म्हणून ती गप्प बसायची.

वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ते गेले, मागोमाग आई गेली. भाऊ जयवंत लग्न करून डोंबिवलीला राहायला गेला. तो गणपतीला आणि भाऊबीजेला यायचा, लाडवांचा डबा घेऊन जायचा. खोली जानकीकडे राहिली आणि खोलीबरोबर देवीही तिच्याकडेच राहिली. ही देवी म्हणजे पावणाई, कणकवलीच्या पुढं असलेल्या त्यांच्या गावची ग्रामदेवता. वडिलांनी गावातून तिचा हातभर पितळी मुखवटा आणला होता, देवळात देवीला टेकवून. उंच फळीवर तो पूर्वेकडे तोंड करून बसलेला असे.

आता कौल म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर, मनात काही अडलं की गुरवाकरवी देवीला गाऱ्हाणं घालायचं, तिच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि हात जोडून उभं राहायचं. उजवीकडची आधी पडली तर देवीचा होकार. डावीकडची पडली तर नाही. मुलीचं स्थळ, जमिनीचा वाद, म्हशीचं आजारपण, सगळं तिथंच निघायचं. मुंबईला आलेला माणूसही काही सुटत नसे. परबांच्या घरातून पोस्टकार्ड जायचं, देवळात धाकू गुरव कौल लावायचा आणि उत्तर यायचं, देवीनं उजवा दिला, खुशाल करा. जयवंतचं नाव, जयवंतची नोकरी, जयवंतची बायको, सगळं उजवं.

पुढं धाकू गुरवाची नजर गेली आणि पोस्टकार्डं बंद झाली. तोवर आईही गेलेली. जानकीला मात्र विचारल्यावाचून चैन पडेना. लहानपणापासून जिच्या घरात पान हललं तरी ते देवीला विचारून हलायचं, तिनं एकदम मोकळ्या हातानं कसं जगायचं? तिनं स्वतःच कौल लावायला सुरुवात केली. लहान असताना एकदा देवळात तिनं बघितलं होतं, पुरुषांच्या पाठीमागून, बाबांच्या कोपराखालून. तेवढ्या आठवणीवर तिनं मुखवट्याच्या दोन गालांवर तगरीच्या दोन पाकळ्या लावल्या आणि बाबांच्या शब्दांत गाऱ्हाणं घातलं. पाकळी पडली. देवी मुलुंडमध्येही बोलते म्हटल्यावर तिला इतका आधार वाटला की त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मग काय, सुपरवायझरची जागा घ्यायची का, उजवी पडली, घेतली. टीव्ही आणायचा का, डावी पडली, नाही आणला. जयवंतनं तिच्यासाठी डोंबिवलीला त्याच्या बाजूची खोली बघून ठेवली होती, तीही डावी. शेजारच्या कमलनं विचारलं, म्हणून तिच्या दिराच्या दुबईच्या नोकरीचाही कौल लावून झाला, तो उजवा. दीर गेला, बरा रुळला, कमलनं पेढे वाटले.

आणि मग कुंडलिक इंगळेनं विचारलं.

कुंडलिक त्याच कारखान्यात बॉयलरवर होता. मूळचा अकोल्याकडचा, राहायला मानखुर्दला, बायको बाळंतपणात गेलेली, मूल काही राहिलं नाही. उंच, अबोल माणूस, हसला की एकदम वेगळाच दिसायचा. कॅन्टीनमध्ये एका टेबलावर बसता बसता वर्ष गेलं. ती त्याच्यासाठी सोलकढी आणायची, तो तिच्यासाठी शेंगदाण्याची सुकी चटणी. मधल्या सुट्टीतला तेवढा वेळ सोडला तर दिवसभरात आपण स्वतःविषयी एक शब्दही बोलत नाही, हे जानकीच्या फार उशिरा लक्षात आलं. लक्षात आल्यावर तिला तो वेळ पुरेनासा झाला. रविवार तर तिला खायला उठायचा.

एका दुपारी त्यानं डबा बंद केला आणि म्हणाला, "जानकीबाई, मला आडून बोलता येत नाही. मी एकटा आहे, तुम्ही एकट्या आहात. लग्न करू या का?"

तिचे कान लाल झाले. "घरी... म्हणजे मला विचारावं लागेल."

"कुणाला?"

"देवीला."

"माझ्या बापानं दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. टोपलीची एक कडी माझ्या हातात होती. तेव्हापासून आमच्याकडे विचारायला कुणी नाही. जे करायचं ते आपलं आपण, चुकलं तरी आपलं आपण." मग जरा हसून म्हणाला, "पण तुम्ही विचारा. मी थांबतो."

त्या संध्याकाळी जानकीनं कौल लावला. पाकळी डावीकडची पडली. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला सांगितलं, "देवीनं नाही म्हटलं." तो "बरं" म्हणाला. आठवडाभर तो त्याच टेबलावर बसला, पण चटणीची पुडी काही निघाली नाही. मग त्यानं पाळी बदलून घेतली, आणि पुढच्या महिन्यात मरोळच्या एका कारखान्यात जागा मिळाली म्हणून सोडूनच गेला. तिनं निरोपाच्या दिवशी सुट्टी घेतली.

याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं जानकी स्वतःला सांगत होती, की आपल्या हातात काय होतं? देवीची मर्जी नव्हती. एकटीला भात टाकताना, तापात स्वतःच्या कपाळावर स्वतःच पट्टी ठेवताना, लग्नसराईत शेजाऱ्यांच्या किल्ल्या सांभाळताना तिला हेच वाक्य कामाला यायचं. वाक्य तसं चांगलं होतं, त्यात कुणाचाच दोष नव्हता.

त्या साली माघात धाकू गुरव मुंबईला आला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, पुतण्यानं घाटकोपरला भटवाडीत आपल्या घरी आणून ऑपरेशन करून घेतलं. जाड काळ्या चष्म्यातून जग पुन्हा दिसायला लागलं तसा म्हातारा लहान पोरासारखा हरखून गेला आणि गावच्या सगळ्या मुंबईकरांच्या घरी जेवायला जायचं त्यानं मनावर घेतलं. एका रविवारी तो जानकीकडे आला. पुतण्या त्याला दारात सोडून कामाला गेला.

जानकीनं बांगड्याचं तिखलं केलं होतं, वडे केले होते. किती दिवसांनी तिनं दुसऱ्याचं ताट वाढलं! म्हातारा बोटं चाटून जेवला, हात धुतले आणि फळीपाशी जाऊन मुखवट्याला नमस्कार केला. गालांवरचे पाण्याचे वाळलेले डाग त्याच्या नव्या नजरेतून सुटले नाहीत.

"ह्या काय गो? हयसर कौल लावतं?"

जानकी ओशाळली. "तुमची पत्रं बंद झाली, काका. मग काय करू? मीच लावते. चुकतं का?"

"चुकता कित्याक? भाव असलो म्हणजे झाला." म्हातारा खूश झाला होता. मुंबईत वाढलेल्या पोरीनं देवी धरून ठेवली याचं त्याला अप्रूप वाटलं. "लावून दाखव बघया. देवीक विचार, धाकूचो डोळो टिकतलो काय."

तिनं तगरीची फुलं आणली, पाकळ्या भिजवल्या, गाऱ्हाणं घातलं. धाकू गुरव मान डोलवत ऐकत होता. एकही शब्द चुकला नाही. थोड्या वेळानं तिच्या उजव्या हाताकडची पाकळी सुटली आणि फळीवर पडली.

"उजवा दिला!" जानकी आनंदानं म्हणाली. "टिकणार तुमचे डोळे."

धाकू गुरवाची डोलणारी मान थांबली. त्यानं पडलेल्या पाकळीकडे बघितलं, मग जानकीकडे, मग परत पाकळीकडे.

"ह्यो उजवो?"

"हो. हा काय, उजवीकडची पडली ना."

"तुझ्या उजवीकडची." म्हातारा पाकळीवर बोट ठेवून म्हणाला. "गो बाय माझे, उजवो म्हणजे देवीचो उजवो, तुझो न्हय. ती तुझ्याकडे तोंड करून बसली हा. तुझो उजवो तो तिचो डावो."

जानकी हसली, कारण पहिल्यांदा तिला ती गंमतच वाटली. मग तिनं वर बघितलं. मुखवटा तिच्याकडे बघत होता. समोर उभ्या राहिलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला असतो, हे काही शाळेत शिकावं लागत नाही. कारखान्यात रोज ती समोरच्या बाईच्या हातातून डबे घेत होती. पण देवीलाही एक अंग असेल, तिचीही एक बाजू असेल, ती तिकडून बघत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. देवळात तिनं बघितलं ते बाबांच्या कोपराखालून, आणि गुरवानं कुठली बाजू उजवी धरली ते तिथून दिसत नव्हतं. गावात राहिलेल्या पोराला हे पाचव्या वर्षी कळतं. चाकरमान्याच्या मुलीला कोण सांगणार?

"दुसऱ्या गावांत दुसरी रीत आसात," म्हातारा तिला धीर द्यायला म्हणाला. "पण आपल्या पावणाईची हीच." आणि मग त्याला आपल्या डोळ्यांचं आठवलं. तो खाली बसला. "माझे डोळे टिकूचे नाय म्हणता ती."

त्याला कुठून धीर द्यायचा? जानकी स्वतःच फळीचा कठडा धरून उभी होती. सगळी वर्षं तिच्या डोळ्यांपुढून चालली होती. सुपरवायझरची जागा देवीनं नको म्हटली होती, ती तिनं घेतली. टीव्हीला हो म्हटलं होतं, नाही आणला. डोंबिवलीची खोली घे म्हणाली होती. कमलचा दीर तर देवीचा नकार खिशात घालून दुबईला गेला आणि बरा पैसा मिळवून राहिला. नको म्हटलेलं सगळं तिनं घरात आणून ठेवलं होतं आणि हो म्हटलेलं सगळं दाराबाहेर उभं होतं. आणि त्या दाराबाहेरच्यांत एक उंच, अबोल माणूस होता.

"काका," ती म्हणाली, "देवीनं नाही म्हटलेलं केलं तर वाईट होतं ना? मग माझी नोकरी कशी चांगली चालली?"

धाकू साठ वर्षं देवीची भाषा बोललेला माणूस, पण हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. विचारणार कोण? सगळे उत्तर घेऊन घरी जायचे. "देवी सांगता," तो म्हणाला. "हात धरूक ती खंय येता? झाला ता तिनं चालवून घेतल्यान, असा समज."

त्या उत्तरानं जानकीचं समाधान झालं नाही, पण तिनं ते धरून ठेवलं नाही. तिच्या मनात आता एकच गोष्ट घुमत होती. कुंडलिकला देवीनं हो म्हटलं होतं. दोन वर्षांपूर्वी, याच फळीवर, हो म्हटलं होतं. तिला रडू आलं आणि रडता रडता हसूही आलं. म्हाताऱ्याला तिनं सगळं सांगून टाकलं, माणूस कोण, कुठला, कुठल्या समाजाचा, तेही. धाकू गुरव जरा चुळबुळला. मग चष्मा पुसत म्हणाला, "देवीन हो म्हटल्यान तर मी कोण नाय म्हणणारो? जा, जाऊन सांग तेका. सांगून झाला की माका येऊन सांग."

पुढच्या रविवारी सकाळी जानकीनं मजल्यावरच्या सगळ्यांच्या किल्ल्या कमलकडे नेऊन दिल्या. कमल बघतच राहिली. जानकीनं आईची जांभळी इरकल नेसली होती, केसांत अबोली होती. कुंडलिकचा पत्ता तिनं जुन्या बॉयलरवाल्याकडून मिळवला होता. घाटकोपरला बस बदलून ती मानखुर्दला उतरली. वाटेत ती बोलायचे शब्द मनातल्या मनात लावत होती आणि कितीही लावले तरी ते एकाच वाक्यावर येऊन थांबत होते, देवीनं हो म्हटलंय.

कुंडलिक घरीच होता. दारात खाट टाकून, बनियनवर बसून शेंगदाणे सोलत होता. तिला बघून तो उठला, आत जाऊन शर्ट घालून आला. कानांवरचे केस पांढरे झाले होते. त्यानं तिला खुर्ची दिली, स्वतः खाटेवर बसला. शेजारणीकडून चहा मागवला नाही, स्वतः केला. कपबशी एकच होती, ती त्यानं तिला दिली आणि आपण पेल्यातून प्याला. त्याच्याही घरात दुसरी कपबशी लागत नव्हती, हे जानकीनं बघितलं आणि तिचं काळीज हललं.

मग तिनं सांगितलं. बाबांच्या कोपरापासून धाकू गुरवाच्या डोळ्यांपर्यंत सगळं. शेवटी म्हणाली, "म्हणजे इंगळे, ती हो म्हणाली होती. मीच उलटं वाचलं. देवीचं हो होतं!"

तिला वाटलं तो हसेल, ते एकदम वेगळं दिसणारं हसू. तो हसला नाही. पेला खाली ठेवून म्हणाला, "तुमच्या देवीशी माझं भांडण नाही. एक विचारू?"

"विचारा ना."

"गॅसचा नंबर लागला होता तेव्हाची गोष्ट तुम्हीच कॅन्टीनमध्ये सांगितली होती. आठवतं? सिलेंडरची भीती वाटते म्हणून देवीला विचारलंत. डावी पडली. मग तुम्ही म्हणालात, देवी आज दमली असेल. परत लावला. परत डावी. तिसऱ्यांदा उजवी पडली आणि गॅस घरात आला. आम्ही सगळे किती हसलो होतो."

"हो," जानकी म्हणाली. तिला आठवलं. तिच्या ओठांवर हसू येऊ घातलं होतं.

"माझ्या वेळी किती वेळा लावलात?"

हसू तिथंच राहिलं. गल्लीत कुणीतरी हापशाचा दांडा हलवत होतं, त्याचा आवाज येत होता. जानकीनं खूप प्रयत्न केला, दुसरं काही आठवतं का ते बघितलं. काही आठवलं नाही.

"एकदाच," ती म्हणाली.

कुंडलिकनं मान हलवली. त्याला ते माहीत होतं. "दुसऱ्या दिवशी मला सांगायला आलात ना, तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. दुःख होतं, नाही म्हणत नाही. पण सुटका पण होती. तुमचा भाऊ, तुमची चाळ, गावची माणसं, इंगळे म्हणजे कोण ते सगळ्यांना सांगायचं, त्यातून तुम्ही सुटलात. देवीनं नाही म्हटलं म्हटल्यावर जातीचं नाव तोंडातून काढावंच लागलं नाही. तुम्ही सरळ म्हणाला असता, इंगळे, माझ्या माणसांना तुम्ही चालणार नाही आणि माझ्यात तेवढी हिंमत नाही, तर मी दुसऱ्या दिवशी पण त्याच टेबलावर बसलो असतो. चटणी घेऊन."

असं कुणी कधी जानकीशी बोललं नव्हतं. ती चिडली. मनातल्या मनात तिनं त्याला उत्तरं दिली, तुम्हाला काय कळतं, बाईमाणसाचं काय असतं, एकटीनं चाळीत राहायचं म्हणजे काय असतं. उत्तरं खोटी नव्हती. पण त्या संध्याकाळची पाकळी तिला दिसत होती. पाकळी पडली, तिनं ती उचलली, आणि छातीवरचं ओझं कुणी काढून घेतल्यासारखा तिनं श्वास सोडला होता. रडली ती नंतर. आधी श्वास सोडला होता. तिला त्याची इतकी लाज वाटली की कपबशी हातात धरवेना, तिनं ती जमिनीवर ठेवली.

"खरं आहे," ती म्हणाली. "मी घाबरले होते."

"मी पण घाबरलो होतो," तो म्हणाला. "मला विचारायला चार महिने लागले."

जानकीला वाटलं, आता उठावं. पण उठून जायचं कुठं? त्याच खोलीत, त्याच किल्ल्यांत, त्याच वाक्यात. आणि ते वाक्यही आता कामाचं उरलं नव्हतं. तिनं पदर सावरला.

"इंगळे, आता मी विचारते. देवीला नाही, तुम्हाला. माझ्याशी लग्न कराल?"

त्यानं चमकून वर बघितलं. "कुणाला विचारून आलात?"

"देवीचं सांगायला आले होते. हे कुणाला विचारलेलं नाही. जयवंतला सांगेन, चाळीला सांगेन. तोंडानं सांगेन."

कुंडलिकचे डोळे भरून आले. तिनं ते बघितलं आणि क्षणभर तिला वाटलं, झालं, आता हा हो म्हणणार. तो उठला, आत गेला, परत आला, खाटेवर बसला. शेंगदाण्याची टरफलं हातानं गोळा करत राहिला.

"नाही, जानकीबाई," तो म्हणाला.

"का?"

"राग म्हणून नाही. विचार करून सांगतोय. उद्या काही बिनसलं, मी आजारी पडलो, तुमच्या भावानं दार लावलं, की तुम्ही परत फळीसमोर उभ्या राहाल. पाकळी कुठली पडते ते बघत मी बाहेर उभा. ते मी एकदा केलंय. माझ्याच्यानं परत होणार नाही."

"मी नाही उभी राहणार."

"तुम्हाला तसं वाटतंय, हे मला दिसतंय. पण मला खात्री वाटत नाही."

तिला भांडता आलं असतं. त्याचं चुकतही असेल. एवढ्या धीरानं विचारणारी बाई पुढंही धीरानं राहिली असती, असं आपल्याला वाटतं. पण निर्णय त्याचा होता आणि त्यानं तो कुणाच्या आड न लपता, तिच्या डोळ्यांत बघून सांगितला होता. तिला आयुष्यात पहिल्यांदा माणसानं नाही म्हटलं होतं. ते देवीच्या नाहीपेक्षा कितीतरी जास्त लागलं, कारण ते कुणावर ढकलता येत नव्हतं.

तो तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. वाटेत एकदाच बोलला, "इरकल छान दिसते." बस आली तेव्हा त्यानं हात वर केला आणि बस हलेपर्यंत खाली घेतला नाही. जानकी खिडकीशी बसून रडली, अगदी उघड रडली. कंडक्टरनं तिकिटाचे पैसे मागितले, मग तोंड फिरवून पुढं गेला आणि थोड्या वेळानं परत आला.

घाटकोपरला उतरून ती भटवाडीत गेली, कारण तिनं शब्द दिला होता. धाकू गुरव ओसरीवर बसला होता. नव्या डोळ्यांनी वाट बघत होता. तिला बघताच त्यानं सरकून जागा केली.

"मगे? काय म्हणालो तो?"

"नाही म्हणाले."

म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आयुष्यभर हजारो माणसांची ज्या शब्दांनी समजूत काढली होती तेच शब्द तो मायेनं म्हणाला, "नशिबात नाय होता गो, चेडवा. देवीन उजवो दिल्यान तरी नशिबात नसला तर माणूस काय करतलो?"

जानकीनं त्याचा हात डोक्यावरून हळूच काढून आपल्या हातात घेतला.

"नशिबात होतं, काका," ती म्हणाली. "देवी हो म्हणाली होती. दोन वर्षांपूर्वी तेही हो म्हणून माझ्यासमोर बसले होते. नाही म्हणणारी तेवढी मी एकटीच होते."